पट्टीला न शिवलेला दाणा

हाताला लागणार नाही, चिमटीत धरता येणार नाही, असा मी एक जुना दाणा आहे, मित्रांनो. माझ्या जातीचे दाणे शेतात पिकत नाहीत की पोत्यात भरले जात नाहीत. ते संगणकाच्या पोटात जन्मतात, उंचावरून पडतात, एकमेकांवर आपटतात आणि कुणी बटण दाबलं की जिथल्या तिथं थांबतात. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा पडतात. माझं सगळं आयुष्य पडण्यात गेलं, पण पडता पडता मी जे पाहिलं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

मला घडवलं एका बाईनं. कचेरीत लहानथोर सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिच्या खिडकीतून समोरच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. टेबलावर दोन पडदे, कान तुटलेल्या कपात पेन्सिली आणि एक हातरुमाल, ज्यानं ती कधी चष्मा पुसायची, कधी पडदा. तिचं काम मोठं गमतीचं होतं. कारखान्यात दाणेदार माल हलवणारी यंत्रं खरी बांधण्याआधी ती संगणकात बांधून बघायची, त्यात आमच्यासारखे खोटे दाणे ओतायची आणि आम्ही कुठं वाहतो, कुठं तुंबतो, ते पाहायची.

मी खताच्या दाण्याची नक्कल होतो. पांढरा, जवळपास गोल, थोडा खरबरीत. माझं मूळ जिथलं, त्या कारखान्यात ताईचा थोरला भाऊ कामाला होता. तिथं लोखंडी पत्र्याची एक भली मोठी कोठी होती, वर रुंद, खाली निमुळती. वरून खत भरायचं आणि खालच्या तोंडातून पोत्यांत उतरवायचं. हवा कोरडी असली की सगळं सुरळीत चाले. हवा दमट झाली की दाण्यांना एकमेकांचा लळा लागे. ते तोंडाच्या जरा वर एकमेकांना टेकून उभे राहत आणि त्यांची कमान धरली जाई. वर कोठी भरलेली, खाली पोतं रिकामं. मग कुणीतरी वरच्या तुळईच्या आकड्याला दोर अडकवून, कमरेला पट्टा बांधून आत उतरायचं आणि लोखंडी कांबीनं ती कमान फोडायची.

हे काम बहुतेक वेळा ताईच्या या भावाच्या, दादाच्या वाट्याला येई. अंगानं शिडशिडीत आणि नाही म्हणायची सवय नाही, असा माणूस सगळ्यांना सोयीचा असतो. एकदा तो कमानीवर उभा असतानाच ती फुटली आणि खत त्याच्या छातीपर्यंत आलं. दोर होता म्हणून ओढून काढता आलं. तेव्हापासून तो घरी येईपर्यंत त्यांच्या आईचा एक कान फाटकाच्या कडीकडे असे. ती तेच ते भांडं पुन्हा पुन्हा घासत बसे.

कोठी सुधारायचं काम ताईच्या कचेरीत आलं, तेव्हा ते तिनं मागून घेतलं.

मित्रांनो, जन्मलो त्या पहिल्या दिवसाच्या आठवणीनं मला अजून गरगरतं. ताईनं मला आकार दिला, वजन दिलं, कठीणपणा दिला. माझ्यासारखी असंख्य भावंडं दिली. मग आम्हांला कोठीत सोडलं. आम्ही पडलो. कोठीच्या तळाशी पोचलो आणि तळातूनही खाली गेलो. एकमेकांच्या अंगातून, पत्र्याच्या अंगातून, धुक्यातून धुकं जावं तसे खाली खाली जात राहिलो. भाऊ माझ्या पोटातून गेला, तरी मला कळलं नाही. त्या प्रवासाला आवाज नव्हता, वारा नव्हता, शेवट नव्हता. झोपेत पायरी चुकल्यासारखं वाटतं ना, तसं. फक्त खालची पायरी कधी येतच नव्हती.

कारण ताईनं अजून आम्हांला स्पर्श दिला नव्हता. तुमच्या जगात दोन वस्तू भेटल्या की एकमेकींना आपोआप लागतात. आमच्या जगात तसं नाही. इथं जोडी लावावी लागते. दाणा आणि दाणा, ही एक जोडी. दाणा आणि पत्रा, ही दुसरी. प्रत्येक जोडीला सांगावं लागतं, की भेटलात तर उसळायचं किती, घासायचं किती, घरंगळायचं किती आणि बिलगून राहायचं किती. जी जोडी लावलेली नाही, त्या दोघांची ओळखच नसते. ते आरपार जातात.

मग ताईनं आमची ओळख करून द्यायला घेतली. दादानं डब्याच्या पिशवीतून खरं खत आणून दिलं होतं. तिनं पत्र्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यावर एकेक दाणा सोडून तो किती उसळतो ते फोनच्या कॅमेऱ्यात टिपलं. पत्रा तिरपा करत करत दाणा कधी घसरतो ते पाहिलं. बिनबुडाच्या डब्यात दाणे भरून डबा हळूच वर उचलला, म्हणजे खाली रास पडे. तिचा उतार मोजला. मग ओल्या फडक्याखाली दाणे झाकून ठेवून पुन्हा तेच. पलीकडच्या टेबलावर यंत्रांची चित्रं काढणारा सहकारी बसायचा. त्याला सगळे ड्रॉइंगवाला म्हणत. त्यानं विचारलं, की ताई, दुकान टाकलंस ते सांगितलं नाहीस, तागडी कधी आणतेस? ताईनं मान वर न करता त्याच्याकडे फडकं टाकलं आणि टेबल पुसायला लावलं.

हात कामात असले की ताई गुणगुणायची. शब्द तिचे तिलाच सुचायचे:

दाण्याला दाणा भेटे, भेट दोघांना सोसावी,
थोडी उसळी असावी, थोडी माया.

खरं सांगतो, आमच्या सगळ्या शास्त्राला याहून वेगळं काही लागत नाही.

पहिल्यांदा स्पर्श मिळाला तेव्हा मात्र भलतंच झालं. संगणक सारखं विचारत असतो, तुझ्या शेजारी कोण आहे, तू त्याच्यात किती रुतलास, चल, मागं हो. हे विचारणं क्षणाक्षणाला व्हायला हवं. ताईनं घाईत त्या दोन विचारण्यांतलं अंतर जास्त ठेवलं. संगणकानं बघेपर्यंत आम्ही एकमेकांत खोल रुतलो होतो आणि मग त्यानं असा काही धक्का दिला की आम्ही सगळे कोठी फोडून दाही दिशांना उधळलो. ड्रॉइंगवाला म्हणाला, "ताई, तुझी पोरं घर सोडून पळाली." ताईलाही हसू आवरेना. तिनं विचारण्यांतलं अंतर कमी केलं आणि आम्हांला परत बोलावलं.

शेवटी पडद्यावरची रास आणि टेबलावरची रास एका उताराच्या झाल्या. आम्ही निवांत टेकून बसलो. शेजाऱ्याचा भार अंगावर घेणं, आपला भार खालच्याला देणं, यात केवढं सुख असतं ते ज्यानं आरपार पडणं सोसलं त्यालाच कळावं. त्या दिवशी ताईनं आमच्यातले मोजके दाणे रंगवले, गर्दीत ओळखू यावेत म्हणून. मला निळा रंग मिळाला.

जुन्या कोठीत आम्हांला ओतलं तेव्हा आम्ही बरोबर खऱ्या दाण्यांसारखी कमान धरली. साहेब, म्हणजे ताईचे वरिष्ठ, तिच्या खुर्चीमागं उभे राहून किती वेळ बघत होते. खोटं इतकं खरं वागलेलं पाहून ते खूश झाले. मग नवी कोठी आखायला घेतली. ताईनं खालचं तोंड रुंद केलं. साहेबांनी एक कल्पना काढली: तोंडाच्या वर, कोठीच्या आत, एक आडवी पट्टी टांगायची. वरच्या मालाचा भार ती पेलेल आणि खालचे दाणे दबणार नाहीत. पट्टी टांगायला वरच्या तुळईवर एकच भक्कम जागा होती. जिथं दोराचा आकडा होता, तीच. साहेब म्हणाले, आकडा काढून टाकू. कोठी तुंबणारच नाही, तर आत उतरायचं कुणी?

ड्रॉइंगवाल्यानं पट्टी काढली, लोखंडी. ताईनं दाणा आणि लोखंड ही जोडी लावून ठेवली. पुढं साहेबांना वाटलं, लोखंड खतानं गंजेल, तर पट्टीला वरून प्लास्टिकचं अस्तर द्यावं. ड्रॉइंगवाल्यानं चित्रात अस्तर चढवलं. पट्टी दिसायला तीच राहिली, जागा तीच, पण अंग बदललं. आणि अंग बदललं की आमच्या जगात जुनी ओळख पुसली जाते. दाणा आणि अस्तर, ही जोडी कुणीच लावली नाही. ताई समजून चालली, की पट्टीची जोडी तर मी कधीच लावली आहे.

मला ओतलं. मी पडलो. पट्टी मला समोर दिसली, रुंद, काळीशार. मी अंग सावरून घेतलं, आता हिच्यावर टेकायचं म्हणून. आणि मी तिच्यातून गेलो. पुन्हा तेच धुकं, तेच पायरी चुकणं. माझ्या मागून सगळे तसेच आले. खालचं तोंड रुंद केलेलं असल्यामुळे आम्ही तिथून झुळझुळ बाहेर पडलो. आमच्या गर्दीत पट्टी बुडालेली होती; बाहेरून बघणाऱ्याला एवढंच ठाऊक, की आत पट्टी आहे, आणि एवढंच दिसलं, की दाणे वाहताहेत.

त्या दिवसाचं कौतुक काय सांगू! साहेबांनी ते चलच्चित्र कारखान्याच्या मालकांना पाठवलं. पट्टी बनवायला टाकली. ड्रॉइंगवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. ताई खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून बसली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच इतकी विश्रांती पाहिली. आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ताई, मी पट्टीला शिवलोच नाही. पण दाण्याला तोंड नसतं, मित्रांनो. दाण्याला फक्त वाट असते, ज्या वाटेनं तो गेला ती.

पट्टी बसवायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, दादा कचेरीत आला. दुसऱ्या दिवशी कारखाना बंद ठेवून पट्टी लावायची होती. तो आकडा आपल्याच हातानं काढायचा म्हणून खुशीत होता. ताईच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "ठमे, दाखव तरी, कुणी माझी नोकरी खाल्ली ते."

ताईनं चित्र लावलं. दादा बराच वेळ बघत राहिला. त्याला त्या पांढऱ्या लोंढ्यात मी दिसलो आणि लगेच हरवलोही. तो म्हणाला, "तो निळा कुठं गेला गं? चांगला होता."

दाणा कुठून कुठं गेला, त्याची रेघ काढून दाखवायची सोय ताईकडे होती. एरवी कामात ती नुसती मोजमापं बघायची, रेघेची तिला गरज पडली नव्हती. आता भावाला गंमत दाखवावी म्हणून तिनं बाकीचे दाणे लपवले आणि माझी वाट उमटवली. रिकाम्या कोठीत एक निळी रेघ उतरली. वरून निघाली, पट्टीपाशी आली, आणि ओळंबा सोडावा तशी सरळ पट्टीच्या पोटातून खाली गेली.

ताईचा हात उंदरावरून उचलला गेला. माउसला ती उंदीरच म्हणायची.

"दादा, थांब जरा."

"मी कुठं पळतोय?"

"हा पट्टीला शिवलाच नाही."

दादा हसला. म्हणाला, दाणा सभ्य दिसतोय, परक्या वस्तूला हात लावत नाही. ताई हसली नाही. तिनं जोड्यांची पानं उघडली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर वाचली. मग चष्मा काढून रुमालात धरून बसली, पुसला नाही.

"उद्या तू आत उतरायचं नाहीस," ती म्हणाली.

"मी नाही तर दुसरा उतरेल की. पट्टी काय आपण होऊन चढणार आहे?"

"कुणीच उतरायचं नाही. आणि तो आकडा काढायचा नाही." तिचा आवाज लहान झाला. "पट्टी अडवते का सोडते, मला माहीत नाही, दादा. मी सांगितलं होतं माहीत आहे म्हणून, पण मला माहीत नाही."

दादानं तिच्याकडे पाहिलं. चेष्टा त्याच्या ओठांवर आली आणि तिथंच राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा असावा, आणि म्हणाला, "मग जा, सांग त्यांना. मी बसलोय इथं."

साहेबांची खोली काचेची होती, म्हणून मला पडद्यातून दिसत होती. ताई आत जाऊन उभी राहिली. साहेबांनी खुर्ची दाखवली तरी बसली नाही. चूक झाली ती कुठं आणि कशी, ते तिनं सांगितलं. ड्रॉइंगवालाही मागून जाऊन दारात उभा राहिला. अस्तर मीच चढवलं होतं, असं म्हणायला लागला, तर ताईनं हातानंच त्याला थांबवलं. साहेब कपाळ चोळत राहिले. पट्टीची कल्पना त्यांची होती, शब्द त्यांनी दिला होता आणि उद्यासाठी माणसं बोलावलेली होती.

"मालकांना काय सांगू मी आता?" ते म्हणाले. त्यात राग कमी होता, थकवा जास्त.

"सांगा, की पट्टीला अजून एकाही दाण्यानं हात लावलेला नाही," ताई म्हणाली. "आम्हांला थोडा वेळ द्या."

साहेबांनी काचेबाहेर पाहिलं. स्टुलावर दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. साहेबांनी त्याला या आधी कधी पाहिलं नव्हतं. ताईनं सांगितलं, की आत उतरतो तो हाच, माझा भाऊ.  साहेबांनी फोन उचलला आणि उद्याचं काम थांबवलं.

मग पुन्हा टेबलावर तेच सोहळे. ड्रॉइंगवाला पट्टी बनवणाऱ्यांकडे जाऊन अस्तराचा तुकडा घेऊन आला. त्यावर दाणे सोडले, तर ते जेमतेम उसळले. ओलसर दाणे सोडले, तर अस्तर तिरपं केलं तरी हलेनात, चिकटून बसले. ताईनं दाणा आणि अस्तर ही जोडी लावली. आणि मला पुन्हा वर नेऊन सोडलं.

मी पडलो. पट्टी आली. आणि या वेळी, मित्रांनो, ती मला लागली. मऊ, गार, थोडी चिकट. मी एकदा अंग हलवलं आणि तिथंच बसलो. माझ्या शेजारी भावंडं येऊन बसली. पट्टीवर रास वाढत गेली, तिची कड आणि कोठीची भिंत यांच्यामधल्या फटीत आम्ही एकमेकांना टेकलो. मी घसरत जाऊन नेमका मधोमध अडकलो. वरून लाखो भावंडांचा भार आला, मी तो शेजाऱ्याला दिला, त्यानं भिंतीला दिला. एकेक करून सगळे थांबले. खालून शेवटचे चार दाणे टपटप गेले आणि कोठी स्तब्ध झाली.

पडद्यावर काहीच हलत नव्हतं. खुर्चीमागं साहेब, ड्रॉइंगवाला आणि पुन्हा मुद्दाम आलेला दादा उभे होते. इतक्या माणसांनी इतक्या एकाग्रतेनं काहीही न होणं बघितलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"अशीच धरते," दादा हळूच म्हणाला.

ही कमान पट्टीमुळेच धरली होती. जिच्यावर भरवसा ठेवून दोराचा आकडा काढणार होते, तीच अडवत होती. साहेब म्हणाले, "पट्टी काढा." ताईनं पट्टी काढून टाकली आणि आम्हांला नुसत्या रुंद तोंडाच्या कोठीत ओतलं, आधी कोरडे, मग दमट, मग अगदी ओले करून. आम्ही वाहिलो. फार ओले असताना जरा अडखळलो, पण वाहिलो. आधीच्या कौतुकाच्या दिवशी जे सगळ्यांनी पाहिलं होतं, ते सगळं त्या तोंडाचं काम होतं. पट्टीनं बिचारीनं काहीच केलेलं नव्हतं. साहेबांनी ते मालकांना आपण होऊन सांगितलं. काचेतून मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ताईच्या बोलण्यातून ऐकलं. कारखान्यात तोंड रुंद केलं. आकडा ठेवला. पहिल्या दमट दिवशी दादा कमरेला पट्टा बांधून वर उभा राहिला, सवयीनं, हातात कांब घेऊन. खत उतरत राहिलं. पोती भरत राहिली. बराच वेळ कुणी हाक मारली नाही, तेव्हा त्यानं पट्टा सोडला आणि खाली येऊन पोती शिवणाऱ्यांना हातभार लावला. ताईनं हे ड्रॉइंगवाल्याला सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, पेन्सिलीला टोक करता करता. टोक मात्र तीनदा मोडलं.

आता मी जुना झालो. आमचं सॉफ्टवेअर बदललं, नव्यात माझी फाईल उघडत नाही. एका जुन्या डिस्कवर, कपाटातल्या वायरींच्या गुंत्याखाली, मी हवेत अर्ध्यावर थांबलेला आहे. ताईही दुसऱ्या मोठ्या कामावर गेली. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. नव्या दाण्यांना म्हणे टोकं असतात, कंगोरे असतात, ते माझ्यापेक्षा हुशार आहेत. कधी स्वप्नात मला ती पट्टी लागते, मऊ आणि गार, आणि मग पुढं कितीतरी वेळ बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या ताईसारखं काम करेल, कोठ्या बांधेल, पूल बांधेल, खेळणी बांधेल. तेव्हा माझ्या भावंडांना खुशाल पाडा. पुन्हा पुन्हा पाडा. आम्हांला दुखत नाही, आमचं वजन कुणाच्या छातीवर येत नाही, आमच्यासाठी कुणी फाटकाच्या कडीकडे कान लावून बसत नाही. म्हणूनच तर माणसाआधी आम्ही पडायचं असतं. पण पाडण्याआधी, आमच्या वाटेत जे जे येणार आहे त्या प्रत्येकाशी आमची ओळख करून द्या. आणि सगळं फारच सुरळीत वाहताना दिसलं, की बाकीची गर्दी बाजूला सारून एका दाण्याची वाट तेवढी बघा. तो सांगू शकत नाही, पण तो जिथून गेला ती वाट खोटं बोलत नाही.